टेक्ससच्या उन्हाळ्यात बास पकडताना: लायसन्सपासून लुअरपर्यंत

बास पकडायला शिकायचं तर मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात करा, असं उत्तर टेक्ससमध्ये कुणीही सांगेल. तेव्हा लार्जमाउथ बास हा इथला मोठ्या तोंडाचा, गोड्या पाण्यातला मासा अंडी घालायला काठालगतच्या उथळ पाण्यात येतो आणि नवख्याच्याही हाती लागतो. मला सवड मिळाली ती जूनमध्ये, मुलाची शाळा संपल्यावर. म्हणजे पारा शंभर फॅरनहाइटकडे निघालेला, मासा काठ सोडून गेलेला, आणि दुकानात लुअरच्या, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या नकली आमिषांच्या, भिंतीच्या भिंती. कुठून सुरू करावं हेच कळत नव्हतं. डॅलस, प्लेनो, फ्रिस्को भागात आपली पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत आणि 'आम्हालाही जायचंय, पण काय घ्यायचं?' असं बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हा २०२५ चा उन्हाळा क्रमाने लिहून ठेवतेय.

सुरुवात फुकटात झाली. टेक्ससमध्ये जूनचा पहिला शनिवार 'फ्री फिशिंग डे' असतो. त्या दिवशी सार्वजनिक पाण्यावर कुणालाही लायसन्स लागत नाही. २०२५ मध्ये तो ७ जूनला होता. डेंटनच्या उत्तरेला रे रॉबर्ट्स नावाचं मोठं धरण आहे, त्याच्या काठी राज्य उद्यान आहे. आम्ही तिथे गेलो. प्रवेशशुल्क मोठ्या माणसाला ७ डॉलर. शनिवार-रविवारी गर्दी झाली की फाटक बंद करतात, म्हणून डे पास आधीच ऑनलाइन राखून ठेवावा. राज्य उद्यानात काठावरून किंवा धक्क्यावरून मासे पकडायला एरवीही लायसन्स लागत नाही. शिवाय बऱ्याच उद्यानांत रॉड, रील आणि थोडं सामान सात दिवसांसाठी उसनं मिळतं. नाव-पत्ता लिहून द्यायचा, परत आणून द्यायचं. पहिल्याच दिवशी शंभर डॉलर घालण्यापेक्षा हे फार बरं.

मुलाने गांडूळ लावून तळहाताएवढे सनफिश पकडले आणि तो खूश झाला. मी मात्र पलीकडे पाण्यात उभ्या असलेल्या मेलेल्या झाडांकडे बघत होते. धरणात पाणी भरलं तेव्हाची ती झाडं. बास तिथे असतो असं सगळे सांगत होते, आणि तिथे पोचायला कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद छोटी होडी, हवी. कयाक आली की लायसन्स आलंच, कारण उद्यानातली सूट काठापुरतीच आहे.

लायसन्सचं थोडं नीट सांगते, कारण इथे गोंधळ होतो. सतरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. मोठ्यांपैकी राज्यात सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्यांना रहिवासी दर. गोड्या पाण्याचं पॅकेज ३० डॉलरला, पण ते ३१ ऑगस्टला संपतं, मग तुम्ही ते कधीही घेतलेलं असो. जूनमध्ये घेणाऱ्याला जेमतेम अडीच महिने मिळतात. त्याऐवजी ४७ डॉलरचं एक आहे, गोडं आणि खारं दोन्ही पाण्यांसाठी, आणि ते घेतल्यापासून पुढच्या वर्षी त्याच महिन्याच्या अखेरपर्यंत चालतं. मी ते घेतलं. ऑनलाइन घेतलं तर वर ५ डॉलर शुल्क पडतं. खेळाच्या सामानाच्या दुकानातल्या काउंटरवर ते पडत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी नंबर तयार ठेवा. माझ्या पुढे रांगेत सहा-सात माणसं होती. अर्ध्या तासात काम झालं.

त्याच दुकानात मागच्या बाजूला लुअर. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे गरी, दोर आणि कोलंबीचा तुकडा एवढ्यावर लहानपण गेलं. इथे एकेका गल्लीत डोक्याच्या वर जाईल एवढ्या उंचीपर्यंत प्लॅस्टिकचे किडे, बेडूक, मासोळ्या, झगमगती पाती. प्रत्येकाचे वीस-वीस रंग. मी बराच वेळ नुसती बघत उभी राहिले आणि काहीही न घेता घरी आले. खरंच दडपून गेले होते.

मार्ग काढून दिला तो शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी. ते चाळीसेक वर्षं बासच्या मागे आहेत. त्यांनी कागदावर पाण्याचा उभा छेद काढला: वरचा थर, मधला थर, तळ, आणि बाजूला सावली. म्हणाले, "लुअर रंगावरून घेऊ नकोस, ते कुठल्या पाण्यात चालतं त्यावरून घे. प्रत्येक जागेला एक, एवढं पुरे." त्या कागदावरून मी घेतलेली चार लुअर अशी. पृष्ठभागासाठी पॉपर: पुढून खोलगट तोंडाचं, झटका दिला की 'चुबुक' करून पाणी उडवतं. तळासाठी सात इंची प्लॅस्टिकचा गांडूळ, ३/० मापाचा ऑफसेट (मानेशी वाकवलेला) हुक आणि पाव औंसाचं गोळीच्या आकाराचं वजन; या जुळणीला टेक्सस रिग म्हणतात. सावलीसाठी जाडसर, सरळ काडीसारखा मऊ गांडूळ, मधोमध हुक टोचून वापरायचा, म्हणजे तो दोन्ही टोकं हलवत सावकाश खाली जातो. हा वॅकी रिग. आणि खोल पाण्यासाठी लांब ओठाचं क्रँकबेट. ओठ जेवढा मोठा तेवढं ते ओढताना खोल बुडी घेतं; पाकिटावर फूट लिहिलेले असतात, ते वाचायचे.

रंगाचं त्यांनी एका वाक्यात उरकलं: पाणी स्वच्छ असेल तर हिरवट-तपकिरी, गढूळ असेल किंवा अंधार असेल तर काळा किंवा गडद जांभळा. उन्हाळाभर मला याहून जास्त लागलं नाही. रॉड-रीलचा जोड ८५ डॉलरला, लुअर, हुक, वजनं आणि दोर मिळून साठेक डॉलर.

गांडूळ हुकवर चढवायला मात्र हाताला सवय लागते. हुकचं टोक डोक्यातून पाव इंच आत घालायचं, बाजूने बाहेर काढायचं, हुक वरपर्यंत ओढून घ्यायचा, मग अर्धा वळसा फिरवून टोक पुन्हा अंगात रुतवायचं, इतकं की ते बाहेर दिसणार नाही. गांडूळ सरळ लोंबला पाहिजे. जरा जरी दुमडला तरी पाण्यात गरगरतो आणि दोराला पीळ पडतो. टोक लपल्यामुळे झाडाझुडपांत टाकलं तरी अडकत नाही. प्लॅस्टिकचा असा गांडूळ १९४९ साली ओहायोतल्या निक क्रीम यांनी बनवला. पुढे त्यांचा कारखाना टेक्ससमधल्या टायलर गावी आला. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन-तीन संध्याकाळी नुसता हाच सराव केला. मुलगा माझ्या आधी शिकला.

जूनच्या उत्तरार्धात आम्ही पहाटे जायला लागलो. कयाक तासाला २० डॉलरने. हाताने वल्हवायच्या कयाकला टेक्ससमध्ये नोंदणी लागत नाही. बॅटरीची मोटर लावली तर लागते. लाइफ जॅकेट माणशी एक हवंच, आणि तेरा वर्षांखालच्या मुलाने ते अंगात घातलेलंच पाहिजे. मुलगा अकरा वर्षांचा, त्यामुळे त्यावरून रोज वाद. मी माझंही काढायचं नाही असं ठरवलं, वाद मिटला.

उजाडायच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा तासभर, पॉपरला मासा येतो. एका पहाटे गवताच्या कडेला पॉपर पडलं, वर्तुळं विरेपर्यंत मी थांबले, एक झटका दिला, आणि पाणी फाटलं. बारा इंचांचा बास. राज्याचा सर्वसाधारण नियम किमान १४ इंचांचा आणि दिवसाला पाच माशांचा. हा लहान, म्हणून मोजपट्टीवरून थेट पाण्यात. पण हात नंतर कितीतरी वेळ थरथरत होते.

सूर्य वर आला की सगळं थंड. साडेआठनंतर पॉपरकडे एकही मासा फिरकत नव्हता. काठाजवळ टेक्सस रिगला छोटे सनफिश टोचे मारायचे, बस. दहा वाजेपर्यंत ऊन सोसवेनासं व्हायचं. आम्ही दोघांसाठी चार बाटल्या पाणी, एक बाटली मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत, पूर्ण बाह्यांचे पातळ शर्ट आणि मान झाकणारी टोपी नेत होतो. मुलाचं डोकं दुखायला लागलं की ताबडतोब सावलीत आणि गाडीत. इथे जुलैचं ऊन कोकणातल्या मेपेक्षा वेगळं आहे, घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही.

रविवारी बाबांशी फोनवर बोलताना हे सगळं निघालं. त्यांनी लुअरबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "किती खोल आसा पाणी?" म्हणाले. मला सांगता येईना. "अगो, आदी पाणी बघ, मगे गरी घाल. वरचां पाणी तापलां काय मासो खाली जाता." शेजारच्या गृहस्थांनी कागदावर काढलं होतं तेच. पण किती खाली? ते कळण्यासाठी मी लेक फोर्कला एक दिवस गाइड घ्यायचं ठरवलं.

लेक फोर्क डॅलसच्या पूर्वेला, आमच्या घरापासून दोन तासांच्या आत. १९८० साली धरण पूर्ण झालेलं, जवळजवळ २७,७०० एकर पाणी. टेक्ससमधला आजवरचा सर्वांत वजनदार लार्जमाउथ, १८.१८ पौंडांचा, इथेच मिळाला, जानेवारी १९९२ मध्ये. महिना लक्षात घ्या. जगड्व्याळ मासे सहसा थंडीत आणि वसंतात मिळतात. उन्हाळ्यात त्या आशेने जाऊ नका, शिकायला जा.

गाइडची तारीख मिळायला तीन आठवडे थांबावं लागलं. अर्ध्या दिवसाचे ४५० डॉलर, मैत्रिणीच्या कुटुंबाबरोबर अर्धे वाटून घेतले, वर टिप. आमची मूळ तारीख विजांच्या वादळामुळे रद्द झाली, आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला धरली गेली. हे पैसे देण्याआधीच विचारून घ्या. राज्यात गाइडला स्वतःचं वेगळं लायसन्स लागतं, तेही बघावं. लायसन्स मात्र तुमचं तुमच्याजवळ असायलाच हवं, गाइडच्या नावेवरही.

१२ जुलै, शनिवार. साडेपाचला नाव पाण्यात. पहिला अर्धा तास पॉपरवर दोन लहान मासे. मग गाइडने नाव उघड्या पाण्यात नेली आणि सोनारचा, म्हणजे आवाजाच्या लहरींनी खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, पडदा दाखवला. वीस फुटांच्या आसपास एक पुसट आडवी रेघ होती, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या वर शाड माशांचे (बास ज्यांना खातो त्या छोट्या माशांचे) ढग आणि बास दाखवणाऱ्या कमानी. खाली काहीच नाही, तळ तीस फुटांवर असूनही.

ही रेघ म्हणजे थर्मोक्लाइन. न ढवळलेल्या बादलीत गरम पाणी वर राहतं आणि गार खाली, तसंच धरणात उन्हाळाभर होतं. वरचं तापलेलं पाणी हलकं, खालचं जड. वारा वरचाच थर ढवळतो, खालच्याला हवा मिळत नाही. तळाशी कुजणारा पालापाचोळा उरलासुरला प्राणवायू संपवतो, उजेड नसल्याने नवा तयार होत नाही. म्हणून मासा गारव्यासाठी खाली जातो खरा, पण त्या रेघेपाशी थांबतो. रेघेच्या खाली कितीही महागडं लुअर सोडलं तरी तिथे खायला कुणी नसतं. प्रत्येक धरणात आणि प्रत्येक महिन्यात ही खोली बदलते. इथल्या धरणांत बहुतेक वेळा ती पंधरा ते पंचवीस फुटांत सापडते. मला हे कळलं त्या क्षणी दुकानातली ती सगळी भिंत मनातून उतरली. प्रश्न एवढाच उरला की सतरा-अठरा फुटांवर, तळाला लागून चालेल असं काय आहे.

गाइडने बुडालेल्या जुन्या रस्त्याच्या वळणावर नाव थांबवली. तिथे तळ बरोबर अठरा फुटांवर, आणि बाजूला खोल उतार. उन्हाळ्यात अशाच जागा शोधायच्या: रेघेच्या वर असलेला कठीण तळ आणि शेजारी खोल पाणी. तिथे कॅरोलिना रिग. पाऊण औंसाचं वजन दोरावर पुढे, मग मणी, मग गाठकडी (दोराला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि तिच्या मागे तीन फुटांच्या मोकळ्या दोराला गांडूळ. वजन तळावरून खरवडत येतं आणि गांडूळ त्याच्या मागून तरंगत. रॉड बाजूला ओढायचा, रीलने ओढायचं नाही. रीलने फक्त ढिला दोर गुंडाळायचा. वजन वाळूवर असेल तर हाताला गुळगुळीत लागतं, खडीवर 'कडकड' येते. गाइड म्हणाले, "कडकड आली की तिथेच थांब."

मी थांबले. टक्. अगदी हलकं, खडा लागल्याइतकं. मग दोर पाण्यात डावीकडे सरकायला लागला, मी ओढत नसताना. रॉड बाजूला झोकून दिला आणि पलीकडून वजन आलं. मासा खाली दडी मारत होता, मग एकदम वर आला, तोंड उघडून डोकं झाडलं. १९ इंच, चार पौंडांच्या जरा खाली. लेक फोर्कला १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास सोडावा लागतो. दिवसाला पाच ठेवता येतात, त्यांत २४ इंचांचा किंवा त्याहून मोठा एकच. म्हणजे माझा सोडायचाच होता. गाइडने फोटोलाही घाई केली. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, झुंजून दमलेला मासा उन्हात धरून ठेवला तर सोडल्यावरही मरतो. हात ओले करून धरायचा, जबड्याने उभा किंवा पोटाखाली दुसरा हात देऊन, आणि श्वास रोखून जेवढा वेळ थांबता येईल त्याच्या आत पाण्यात. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उन्हाळ्यात मासे पकडायचे असतील तर ही काळजी घेतलीच पाहिजे.

शेवटच्या तासात त्यांनी पाच इंची चमकदार स्पून दिला, चमच्याच्या आकाराचं पातळ पत्र्याचं लुअर. तळापर्यंत सोडायचं, रॉड झटक्याने वर उचलायचा, मग ढिल्या दोरावर फडफडत पडू द्यायचं. मरणाऱ्या शाडची नक्कल. मासा पडतानाच घेतो, म्हणून डोळा दोरावर हवा. मैत्रिणीच्या नवऱ्याला त्यावर लागोपाठ मासे मिळाले. तापलेल्या पाण्यात माशाची भूकही तेज असते, पण तो थोडाच वेळ खातो. अशा वेळी सावकाश गांडुळापेक्षा झटक्यात समोर येणारी वस्तू जास्त चालते, असं गाइडचं म्हणणं. मला ते पटलं, कारण डोळ्यांनी दिसत होतं.

ऑगस्टमध्ये पुन्हा रे रॉबर्ट्स. आमच्याकडे सोनार नव्हता, म्हणून दोराला वजन बांधून फुटांच्या खुणा केल्या आणि कयाकमधून खोली मोजत फिरलो, बाबा होडीतून मोजायचे तसं. मुलाने वहीत नकाशा काढला. पाण्यात शिरलेलं जमिनीचं एक टोक पुढे पाण्याखाली बारा, पंधरा, सतरा फूट उतरत जातं आणि मग एकदम तुटतं, हे त्यातून सापडलं. वेळही बदलली: संध्याकाळी सहा ते साडेनऊ. दहाला दिवसाच्या पाहुण्यांसाठी उद्यान बंद होतं. ऊन असेपर्यंत मेलेल्या झाडांच्या सावलीच्या बाजूला वॅकी रिग, बुंध्याला चिकटून, आपोआप बुडू द्यायचा. सूर्य गेला की त्या टोकावर काळा गांडूळ, जरा जड वजनाने. दिव्याचा झोत पाण्यावर मारायचा नाही. काठावर पाय ठेवताना मात्र दिवा हवाच, इथे विषारी पाणसाप आहेत.

२३ ऑगस्टला त्याच टोकावर पंधरा इंचांचा मिळाला, नियमात बसणारा. तो आम्ही घरी आणला. लांबीची मर्यादा असलेला मासा पाण्यावर असताना कापायचा नाही, म्हणून तो डोकं-शेपटासकटच आणला. बर्फाची पेटी त्या मापाची न्या. रव्यात घोळवून तळला. मांस पांढरं, घट्ट, काटे मोठे. बाबांना फोटो पाठवला, त्यांनी आधी विचारलं, किती फुटांवर मिळाला.

निघताना कयाक पूर्ण रिकामी करायची, आतलं सगळं पाणी काढायचं. टेक्ससमध्ये हा कायदा आहे, दंड होतो. रे रॉबर्ट्समध्ये २०१२ पासून झेब्रा शिंपले आहेत आणि त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं कपभर पाण्यातूनही दुसऱ्या धरणात जातात. कयाक भाड्याची असली तरी आपली बादली, बुटं, जाळं कोरडं करूनच पुढच्या पाण्यावर न्या.

ऑगस्टमध्ये सुरू करणाऱ्यांनी महिनाअखेरीस संपणारं लायसन्स घेऊ नये. नव्या वर्षाचं १५ ऑगस्टपासून विकत मिळतं, पण लागू होतं १ सप्टेंबरपासून. मधल्या दोन आठवड्यांत फक्त एखादाच दिवस जायचं असेल तर रहिवाशांसाठी ११ डॉलरचं एका दिवसाचं लायसन्स घ्या, किंवा उद्यानात काठावरून टाका. रात्री थोडा गारवा आला की शाड ओढ्यांच्या तोंडाकडे सरकू लागतात आणि बास त्यांच्या मागे, तेव्हा ही खोलीची गणितं बदलतील. तोवर चार लुअर आणि फुटांच्या खुणा केलेला दोर, एवढं सामान गाडीत ठेवलंय.